घड्याळ नव्हे, आवाज!

वर कोणीतरी लिहिलंय की जायंट रोबोट हे कार्टून होतं आणि घड्याळ ज्याच्या हातात त्याचं तो ऐकायचा. कार्टून नाही हो, चक्क माणसं काम करायची, रबरी पोशाख घातलेले राक्षस होते, जपानात 1967-68 ला आलेली 26 भागांची मालिका, आपल्या दूरदर्शनवर पोचेपर्यंत ऐंशीचं दशक उजाडलं. आणि घड्याळाचं म्हणाल तर त्यात ज्याचा आवाज पहिला नोंदला गेला त्याचंच रोबोट ऐकणार, आणि तो निघाला जॉनीचा, म्हणून तर युनिकॉर्न नावाच्या गुप्त संघटनेला त्या पोराला एजंट करून घ्यावं लागलं.

आमच्या फोंड्याला तेव्हा वाड्यावर दोनच टीव्ही. पावसात अँटेना हलला की पडद्यावर नुसत्या मुंग्या, मग मावसभाऊ कौलांवर चढायचा आणि आम्ही खालून ओरडायचो, "आलं आलं, आता हलवू नको!" तो बिचारा भिजत वरच, अर्धे एपिसोड त्याने नुसते ऐकले. मी शाईने मनगटावर घड्याळ काढून शेजारच्या माडाला ऑर्डरी सोडायचो, माड काही हलला नाही.

शेवट मात्र अजून लागतो. मालिकेतला मुख्य खलनायक गिलोटिन, त्याच्यावर गोळी झाडली तर पृथ्वीच उडणार, तेव्हा रोबोट जॉनीचं न ऐकता गिलोटिनला उचलून अंतराळात नेतो आणि उल्केवर आदळतो. जॉनी खालून परत ये, परत ये करतोय. मी रडलो होतो, मावसभाऊ म्हणतो त्याच्या डोळ्यात पावसाचं पाणी गेलेलं.