मदत हवी आहे: हॅमस्टर रात्रभर पिंजऱ्याची तार कुरतडतो

सीरियन जातीचा नर, 7 महिन्यांचा, एकटाच ठेवलाय. तारेचा पिंजरा 60 × 40 सेंमी. रात्री दहानंतर दाराजवळची एकच आडवी तार धरून बसतो. तिचा रंग निघालाय, नाकावरचे केसही घासले गेलेत. दात पिवळसर, सरळ, शाबूत. खाणंपिणं ठीक.

20 सेंमीच्या चाकात पाठ वाकायची, म्हणून 28 चं बसवलं. आरामशीनचा भुसा काढून कागदाच्या पट्ट्या घातल्या, पण ट्रे जेमतेम 8 सेंमी खोल. बीळ करायला 20-25 तरी लागतात. कुरतडताना बाहेर काढणं बंद केलंय, नाहीतर तीच सवय लागते. तारेला मिरची-लिंबू सुचवू नका, डोळ्यात जातं.

आता 100 × 50 च्या प्लास्टिक पेटीत हलवणार. काच नको, इथं मे महिन्यात पारा 45 गाठतो, त्यात लाईट जाते. नुसती झाकणाला जाळी पुरेल की बाजूलाही खिडकी कापावी? कापली तर कागदाच्या थरापासून किती उंच, म्हणजे दात पोचणार नाहीत? आणि चघळायला पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) ढीगभर आहे, पण फवारलेली. त्याऐवजी पेरूची वाळकी फांदी चालेल का?