गव्हातली हिरवी पट्टी गढीच्या खंदकाची असेल का?

प्रश्न : बांधावरचा

निफाड तालुक्यात आमच्या शिवारात जुनी गढी आहे. मातीचा उंचवटा आणि एका बुरुजाचा बूड तेवढा उरलाय. बाकी दगड कुणाच्या ओट्याला, कुणाच्या विहिरीला गेले. तिला लागून आमचं दीड एकर. यंदा गहू पिवळा पडायला लागला तरी मधे एक पट्टी हिरवीच राहिली, बारा पावलं रुंद. सरळ जाते आणि बुरुजासमोर काटकोनात वळते. आजोबा सांगायचे, इथे खंदक होता, म्हशी डुंबायच्या; १९७२ च्या दुष्काळानंतर बुजवला. आता द्राक्षासाठी डॉगरीज (कलमाचा खुंट) लावायचीय, जेसीबी ठरवलाय, पण मन होत नाही. हा खंदकच का? आधी काय करून ठेवू?

प्रतिसाद : खापरी

दादा, खंदकच. बुजवलेल्या चरात भुसभुशीत माती खोलवर असते, ओल टिकते, पीक उशिरा पिकतं. खाली पाया असेल तिथलं पीक उलट आधी वाळतं. इंग्लंडमध्ये जमीनदारांचे खंदकवाले वाडे असेच सापडतात. बहुतेक १२५० ते १३५० या काळातले, हजारोंनी आहेत. तिथे खंदक लढाईपेक्षा मानाचा. त्यात मासेही पाळत. पुढे वाडा पडला तरी पाण्याचा चौकोन शेतात राहिला. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात तिथे अशा कितीतरी खुणा विमानातून दिसल्या. गहू उभा आहे तोवर उंचावरून फोटो घ्या. काढणीनंतर काही दिसणार नाही.

प्रतिसाद : गोदाकाठची

भाऊ, गढीच्या पांढरीला, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीला, हात लावू देऊ नका. शेतात टाकायला, धाब्याच्या घरांच्या छतावर पसरायला लोकांनी गावोगावच्या गढ्या ट्रॉल्या भरून नेल्या. नाशकातल्या जुन्या गढीत १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तर सातवाहनांच्याही आधीची वस्ती निघाली. मी तिच्याजवळच वाढले. पावसाळ्यात नदीकडची कड ढासळते, खापरं चिखलात पडलेली दिसतात, आणि कुठल्या थरातली ते मग कुणालाच सांगता येत नाही. तुम्ही खोदू नका, पुरातत्त्व विभागाला कळवा. शिवाय त्या पट्टीत ओल साचणार, द्राक्षाच्या मुळांना ती मानवत नाही.

बांधावरचा

ताई, ओलीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आज सकाळी चुलतभावाने ड्रोन उडवला. वळण दोन ठिकाणी दिसतं, तिसरी बाजू शेजाऱ्याच्या कांद्याखाली जाते. जेसीबीवाल्याला थांबवलंय. पट्टी सोडून ओळी आखतोय, चारेक ओळी कमी बसतील. फोटो आणि गटनंबर घेऊन सोमवारी नाशिकला जातो.