मदत हवी आहे: मायेलिन गेल्यावर संदेश का अडखळतो?

बहिणीला मल्टिपल स्क्लेरॉसिसचं निदान झालंय, म्हणजे चेतातंतूंवरचं मायेलिन नावाचं आवरण झडण्याचा आजार. उपचार सुरू आहेत, त्याबद्दल विचारायचं नाही. तिच्या शरीरात नेमकं काय होतंय ते समजून घ्यायचं म्हणून चेता ऊतींचा धडा पुन्हा काढला. चेतापेशी, वृक्षिका (संदेश घेणाऱ्या तिच्या फांद्या), अक्षतंतू (संदेश पुढे नेणारा तिचा लांब धागा) इथपर्यंत ठीक. अक्षतंतूवरचं मायेलिन विद्युतरोधक असतं, त्यामुळे जाड तंतूंत संदेश सेकंदाला 100 मीटरच्या वरही धावतो, हेही वाचलं.

अडतंय ते पुढे. मंद ठणक वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंना मायेलिन नसतंच. वेग सेकंदाला जेमतेम 1 मीटर, पण संदेश पोचतो. मग आवरण गेल्यावर बहिणीचे तंतू तसेच सावकाश का चालत नाहीत? तिची बोटं तर पार बधिर झाली होती. आणि गरम पाण्याने आंघोळ केली की थोडा वेळ तिला धूसर दिसतं, ते का?

प्रतिसाद:
दोन्ही तंतूंची घडणच वेगळी. संदेश पुढे सरकतो तो सोडियम आत घेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांमुळे. मुळातच उघड्या तंतूत त्या लांबीभर विखुरलेल्या असतात. मायेलिनवाल्या तंतूत त्या रॅनव्हिएच्या खाचांत, म्हणजे मायेलिनमधल्या छोट्या उघड्या फटींत, दाटीने असतात. खाच साधारण 1 मायक्रोमीटरची, आणि दोन खाचांमधलं अंतर कधी 1 मिलिमीटरही. मधल्या पट्ट्यात वाहिन्या फारशा नाहीत. तिथे प्रवाह आतल्या आत पसरतो, मायेलिन त्याला झिरपू देत नाही. (संदेश असा खाचेतून खाचेत जातो त्याला 'उडी' म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. प्रवाह मधल्या भागातूनच जातो, तो भाग वगळत नाही.) मायेलिन झडलं की प्रवाह वाटेतच गळतो. पुढच्या खाचेशी पुरेसा उरला तर संदेश उशिरा का होईना जातो, नाहीतर तिथेच विरतो.

आंघोळीचं म्हणाल, तर उष्णतेने या वाहिन्या लवकर मिटतात. कसाबसा तगलेला तंतू तेवढ्यापुरता गप्प होतो, अंग निवलं की पुन्हा चालू. याला उथॉफ लक्षण म्हणतात. त्याने नवी इजा होत नाही, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

धागाकर्ता:
मनापासून आभार. तिला लगेच सांगितलं, आंघोळीलाच घाबरायला लागली होती. अजून एक विचारतो. तिची बोटं काही आठवड्यांनी बरीच सुधारली. तेव्हा मायेलिन परत चढलं, की उघड्या पट्ट्यात नव्या वाहिन्या आल्या?