क्वारंटाइन म्हणजे म्हणे आपलं सुतकच!

आडवाट:
सगळ्या गटांत एक ढकलपत्र फिरतंय: "क्वारंटाइन म्हणजे आपलं सुतक. पूर्वजांना जंतू ठाऊक होते, युरोपला अक्कल उशिरा आली." काल इथेही कुणीतरी ते डकवलं आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. राहवलं नाही म्हणून हा धागा.

सुतक नात्याला लागतं हो, संसर्गाला नाही! पुण्यात काका गेले की न्यूजर्सीतल्या पुतण्याला दहा दिवस. शेवटपर्यंत उशाशी बसलेला शेजारी मात्र मोकळा. सख्ख्या मुलीचं लग्न झालं असेल तर तिला तीनच दिवस. जंतू काय गोत्र विचारून शिरतात?

रागूसाने, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक बंदराने, १३७७ साली नियम केला: प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने आधी तीस दिवस बाहेर राहायचं, मगच शहरात पाऊल टाकायचं. आजारी असो नसो, कुणाचाही कोणी असो. तिसाचे पुढे चाळीस झाले आणि व्हेनिसच्या बोलीतल्या चाळीस दिवसांवरून हा शब्द आला. यात सुतक कुठून घुसलं?

जुनंतेसोनं:
आडवाटबाई, तो चाळीसचा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आला तेही सांगा की. येशूचा चाळीस दिवसांचा उपास, नोहाच्या पुराचे चाळीस दिवस! प्लेगचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा, जेमतेम आठवडा. त्यांनी बायबलातून आकडा उचलला की ते विज्ञान, आम्ही बाळंतिणीला सव्वा महिना जपलं की अंधश्रद्धा?

माजघर:
सव्वा महिन्याचं कौतुक बाळंतिणीला विचारून करा. आमच्या आजीची खोली म्हणजे खिडकीला गोणपाट आणि खाटेखाली शेगडी. धुराने डोळे चुरचुरायचे, पण दार उघडायची सोय नव्हती. जपणूक म्हणे.

जुनंतेसोनं:
एका आजीवरून परंपरा मोडीत काढायची असेल तर बोलणंच खुंटलं.

स्टेथो:
दोघेही थांबा. रोग झालेल्याला वेगळं ठेवतात ते आयसोलेशन. रोग्याच्या संपर्कात आलेल्या, पण अजून धडधाकट असलेल्या माणसावर नजर ठेवतात ते क्वारंटाइन. २०२० मध्ये आपण दोन्हीला सरसकट विलगीकरण म्हणून मोकळे झालो. आमच्या सोसायटीने पॉझिटिव्ह रुग्णाच्या दारावर 'होम क्वारंटाइन'ची पाटी लावली होती. सांगायला गेलो तर सेक्रेटरी म्हणतात, "डॉक्टर, तुम्ही शब्दांचा कीस पाडू नका."

दर्यावर्दी:
थोडं अवांतर. जहाजावरचा पिवळा बावटा म्हणजे आत साथ, असं लोकांना अजून वाटतं. आजच्या संकेतात अर्थ उलट आहे: आम्ही सगळे निरोगी, बंदरात यायला परवानगी द्या.

परळचा_चाकरमानी:
तुमचं व्हेनिस राहू दे. २०२० च्या गणपतीला स्वतःच्या गावात आम्हाला शाळेत कोंडलं. हातावर शिक्का, दोन बाकं जोडून बिछाना, संडासाला पाणी नाही. घर समोर दिसतंय, आई पडवीतून हाका मारतेय, आणि वाडीतली पोरं काठ्या घेऊन पहाऱ्याला. वर्षभर आमच्या मनीऑर्डरी चालतात, आम्ही चालत नाही?

गावकार:
मनीऑर्डरी कोणत्या जमान्यात पाठवत होतास? वाडीत निम्मी माणसं सत्तरीच्या पुढची, दवाखाना घाट उतरून. पहाऱ्यावर मीच होतो. त्याच शाळेत तुमच्यासाठी कळश्या वाहिल्या, त्याही मीच. गणपती काय तुमचोच?

परळचा_चाकरमानी:
कळश्या वाहिल्या, आणि सरपंचाचा जावई रात्री गाडीने थेट घरात उतरला, तेव्हा काठ्या कुठे होत्या?

गावकार:
त्याच्याशी मीच भांडलो. अजून बोलत नाही तो माझ्याशी.

माजघर:
घ्या! जावयाला क्वारंटाइनपण लागत नाही.

पेठी:
काठ्यांचं नवल नाही. १८९७ चा साथरोग कायदाच २०२० मध्ये बाहेर काढला होता. १८९७ सालीच पुण्यात प्लेग अधिकारी रँडचे गोरे सोजीर घराघरात शिरून माणसं छावणीत नेत होते. जूनमध्ये चापेकरांनी रँडला गोळी घातली ती उगाच नाही. आणि त्याच प्लेगात मार्चमध्ये सावित्रीबाई रुग्णसेवा करता करता गेल्या. तेव्हा कोण कुणाला शिवत होतं आणि कोण सोवळ्यात बसलं होतं, हेही ढकलपत्रात घाला.

जुनंतेसोनं:
झालं, जात आली! आता शंभर प्रतिसाद नक्की.

आडवाट:
जात सुतकाबरोबरच आली होती, तुम्हाला आत्ता दिसली. चाळीसचा आकडा धर्मातून आला असेल, चला, एक गुण तुम्हाला. पण नियम लावताना त्यांनी येणारा कुठून आला ते विचारलं. तुमचं सुतक कोण कुणाचा ते विचारतं.

जुनंतेसोनं:
एका गुणाबद्दल आभारी आहे. फ्रेम करून लावतो.

परळचा_चाकरमानी:
ते ठेवा बाजूला. गावकार, शाळेच्या संडासाला पाणी आलं का ते सांग.

गावकार:
शिमग्याला ये आणि बघ. टाकी बसवली, पंप जळलाय. वर्गणीत तुझं नाव अजून कोरं आहे.