लेबल चिकटावं, पण कुठल्या कडेला?

लॅबव्ह्यूमध्ये (चिन्हं वायरींनी जोडून प्रोग्राम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लेबल ओढताना ते टर्मिनलच्या, म्हणजे माहिती आत-बाहेर करणाऱ्या चिन्हाच्या, चारपैकी कुठल्याही बाजूला आपसूक चिकटावं, अशी सूचना इथे एकाने केली आहे. ती पटली. पण तेवढ्यावर भागणार नाही.

आमचं काम रत्नागिरीत, आंबे पिकवायच्या खोल्यांचं तापमान नोंदवायचं. ब्लॉक डायग्रामवर, म्हणजे प्रोग्रामच्या आकृतीवर, सहा थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) टर्मिनलं एकाखाली एक. परवा एका लेबलचं 'रूम २' चं 'रूम २ बॅक वॉल' केलं. लेबल डावीकडे, मजकूर वाढला उजवीकडे, म्हणजे थेट टर्मिनलच्या अंगावर. मग बसलो बाणाच्या कीने एकेक पिक्सेल ढकलत. (शिफ्ट धरली की आठ पिक्सेल जातं, आणि हमखास पुढे निघून जातं!)

म्हणून चिकटलेली कड एडिटरच्या लक्षात राहायला हवी. डावीकडे चिकटलेल्या लेबलचा मजकूर डावीकडेच वाढावा. कंट्रोलचं (माहिती आत घेणाऱ्या टर्मिनलचं) इंडिकेटर (माहिती दाखवणारं) केलं तर वायरीची बाजू बदलते, तेव्हा लेबलनेही बाजू बदलावी. शिवाय शेजारच्या लेबलांशी ओळ जुळावी. चिरे लावताना गवंडी दोरी ताणतो ना, तशी एक फिकट रेघ ओढताना दिसली तरी पुरे.

एखादी की दाबून धरली की चिकटणं बंद, हेही हवंच. दाट डायग्रामवर लेबल वायरीवर येऊ नये म्हणून कधीकधी मुद्दाम आडबाजूला ठेवावं लागतं.

'कंट्रोल-यू मारा की' (डायग्राम आपोआप आवरायची की) म्हणणाऱ्यांना: अहो, त्याने सगळा डायग्राम नाहीतर निवडलेला भाग नव्याने मांडला जातो. मला एकच लेबल सरकवायचंय.