मदत हवी आहे: ३ आणि ६ वर्षांच्या मुलांना घेऊन कनूतून दोन रात्रींचा कॅम्प

संथपाणी
नमस्कार. कनू (वल्ह्यांनी चालवायची अरुंद, उघडी होडी) १७ फुटी आहे, आम्ही दोघं मोठी माणसं आणि दोन मुलं. पाणी तलावाचं, प्रवाह नाही. वल्हवता दोघांनाही येतं, पण मुलं आणि सामान एकत्र घेऊन ही पहिलीच खेप. सामान ८० किलोच्या आसपास जातंय. रोज ९ किलोमीटर जायचं आणि रोज मुक्काम हलवायचा असा बेत आहे. धाकट्याला फुगवायचं लाइफ जॅकेट चालेल का? मुलांना बसवायचं कुठे? सामान बांधायचं की मोकळं ठेवायचं?

वल्हेकरी
फुगवायचं जॅकेट लहान मुलाला अजिबात नको. ते आपोआप फुगलं नाही तर दोरी ओढणं किंवा नळीत फुंकणं तीन वर्षांच्या मुलाला जमणार नाही. फोमचंच घ्या, आणि वयावरून नाही, लेबलवरच्या किलोवरून. डोक्यामागे कॉलर, मानेपाशी उचलायला पट्टा आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा, तिन्ही हवेत. पायांमधला पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. पुढच्या वर्षीही होईल म्हणून एक माप मोठं घेतलं तरी हेच होतं.

तपासायला सगळी बक्कलं लावा, पट्टे आवळा आणि खांद्यांवर धरून जॅकेट वर ओढा. ते हनुवटी-कानांशी आलं तर माप चुकलंय. मग उथळ पाण्यात मुलाला हातावर उताणं तरंगवा. तोंड पाण्याबाहेर राहतं का ते कळेल, आणि कॉलर मानेला टेकल्याची सवयही आधीच होईल.

काठावर उतरल्यावर जॅकेट काढायची घाई नको. तंबू उभारताना आणि स्वयंपाक करताना मोठ्यांचं लक्ष सगळ्यात कमी असतं, आणि पाणी चार पावलांवर असतं. आणि मुलाला कनूला कधीही बांधू नका, क्षणभरही नाही.

काठाकाठाने
मुलं तळावर, फोमच्या घडीवर बसवा, सीटवर नाही. धाकटा मागच्या वल्हेकऱ्याच्या गुडघ्यांसमोर, हात पुढे केला की पट्टा हाती येईल इतका जवळ. थोरला पुढच्या सीटच्या मागे. मध्ये सामान. अशाने मागच्याला दोघंही दिसतात. काही बघायला दोघं एकाच कडेवर झुकली की कनू कलंडते, म्हणून मुलांना एकच नियम सांगा: नाक कनूच्या आत. तो त्यांना लगेच समजतो.

तुमचं ८० किलो मला जास्त वाटतं. चौघांचं १६५ धरलं तरी बेरीज २४५ होते. सगळं भरून, सगळे बसून मधल्या भागात कड पाण्यापासून किती वर राहते ते मोजा. १५ सेंटिमीटर म्हणजे अगदी काठावरचं माप, मुलं असताना २० हवेत. पिण्याचं पाणी २० लिटर नेत असाल तर तिथेच २० किलो जातात. तलावाचं पाणी स्वच्छ असेल तर गाळून, खळखळून एक मिनिट उकळून वापरा. पाण्यावर शेवाळाचा हिरवा तवंग असेल तर मात्र नको, ते विष उकळून जात नाही.

तोल बघायला तळात तांब्याभर पाणी ओता. ते मधोमध किंवा किंचित मागे साचलं तर ठीक. पुढे धावलं तर एखादी पिशवी मागे घ्या, मग पाणी स्पंजने टिपा.

पिशव्या दोन-तीनच, मोठ्या ड्राय बॅगा (पाणी आत न जाणाऱ्या पिशव्या), जड वस्तू तळाशी. बांधायच्याच, पण आखूड आणि घट्ट. सैल लोंबती दोरी मात्र नको, कनू उलटली तर मुलाचा पाय त्यातच अडकतो.

आता अंतर. भरलेली कनू ताशी ३-४ किलोमीटर जाते, आणि लहान मुलं पाऊण तासापलीकडे बसत नाहीत. ९ किलोमीटरला थांबे धरून सहज पाच तास लागतील, वर रोज तंबू. त्यापेक्षा ४-५ किलोमीटरवर एकच मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या कनूतून फिरा. पहाटे निघा. मोकळ्या तलावावर बहुधा दुपारी वारा चढतो. लाटांची टोकं पांढरी फुटू लागली की बाहेर पडूच नका. काठापासून ३०-४० मीटरच्या आत राहा. वळणावर आडवं कापून जाण्याचा मोह होतो, तो टाळाच.

संथपाणी
खूप आभार, एकच मुक्काम ठरला. कनू उलटलीच तर?

वल्हेकरी
कोणी कोणतं मूल धरायचं ते निघण्याआधी ठरवा. उलटली की आपापलं मूल, मग कनू, सामान सोडून द्या. उलटी कनूही बहुतेक तरंगते, तिला वाऱ्याकडच्या बाजूने धरा, म्हणजे लाटा ती तुमच्या अंगावर ढकलणार नाहीत. पाय मारत काठाकडे न्या. एकदा कंबरभर पाण्यात रिकाम्या कनूवर दोघांनी सराव करा.

पाणी १५ अंशांखाली असेल तर पडल्याबरोबर धाप लागते, आणि मुलं मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. म्हणून कपडे हवेच्या नाही, पाण्याच्या तापमानाप्रमाणे: लोकर किंवा सिंथेटिक, सुती नको. चौघांचा कोरडा जोड वेगळ्या ड्राय बॅगेत, हाताशी. शिट्टी प्रत्येकाच्या जॅकेटला. जादा वल्हं आणि पाणी उपसायचं भांडं मागच्या सीटपाशी. गडगडाट ऐकू आला की लगेच काठ, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यात नाही.