मार्केटिंगचा प्लॅन तीन आठवड्यांत बारगळतो. तुमचा कसा टिकतो?

उसवण

माझं सोफे-खुर्च्या दुरुस्तीचं काम आहे. एक गाळा, दोन कारागीर आणि मी. फोम बदलणं, स्प्रिंगा बसवणं, नवं कापड चढवणं. सहा वर्षं झाली.

जानेवारीत काम थंड होतं, तेव्हा बसून झकास प्लॅन केला. एक्सेलमध्ये, रंगीबेरंगी. सोमवारी इन्स्टाग्रामवर आधीचे-नंतरचे फोटो, मंगळवारी रील, बुधवारी ब्लॉग (हसू नका), गुरुवारी इंटिरियर डिझायनरांना फोन, शुक्रवारी जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज, शनिवारी आकड्यांचा आढावा. तीन आठवडे अगदी काटेकोर पाळला. चौथ्या आठवड्यात तीन सोफे आणि एका ऑफिसच्या २२ खुर्च्या एकदमच आल्या आणि शीट जी बंद झाली ती झालीच. परवा उघडली तर शेवटची नोंद फेब्रुवारीतली. आणि आता पुन्हा दोघं कारागीर टॅकर बाजूला ठेवून मोबाइल बघत बसलेत.

नवरा म्हणतो, तुझ्यात सातत्य नाही. असेल. पण सहा वर्षांत गिऱ्हाइकाला दिलेली तारीख मी एकदाही चुकवलेली नाही, मग इथेच का गाडी अडते? एजन्सी सुचवू नका, एकदा लावून झालीय. तीन महिने 'ब्रँड अवेअरनेस' झाला, म्हणजे त्यांच्याच ओळखीतल्यांनी लाइक केलं.

धडाधड

रोज एक पोस्ट. काय वाटेल ते होऊ दे, रोज. बाकी सगळं आपोआप होतं.

उसवण

दादा, तेच तर मोडलं ना!

चौकटवाला

ताई, माझं फोटो फ्रेमिंगचं काम आहे, तुमच्यासारखंच दोन-तीन माणसांचं. तुमची शीट वाचून माझी जुनी वही आठवली.

तारीख का चुकत नाही? कारण तिच्यामागे गिऱ्हाईक उभं असतं. शीटमागे कोणी उभं नसतं. त्यामुळे हात भरले की पहिला बळी तिचाच. यात तुमच्या स्वभावाचा फारसा दोष नाही.

पण खरी गोम पुढे आहे. मी एकदा दोन वर्षांची बिलबुकं घेऊन बसलो. माझे रिकामे महिने कधी आले? दर वेळी भरगच्च महिन्यानंतर दीड-दोन महिन्यांनी. आमच्याकडे माणूस आज बघतो, आठवड्याने विचारतो, मग घरात चर्चा, मग माप, मग ऑर्डर. म्हणजे आज मी गप्प बसलो तर त्याचा फटका आज बसत नाही, दोन महिन्यांनी बसतो, आणि तेव्हा आपण म्हणतो 'मार्केट डाऊन आहे'. तुमचं फेब्रुवारीतलं गप्प बसणं आणि आत्ताचे रिकामे कारागीर, जरा जोडून बघा.

तुम्ही प्लॅन रिकाम्या आठवड्याच्या मापाने बेतलात. तो २२ खुर्च्यांच्या आठवड्याच्या मापाने बेतायला हवा होता. त्या आठवड्यात तुम्ही प्रामाणिकपणे काय करू शकला असतात? दहा मिनिटं? मग प्लॅन दहा मिनिटांचा.

मी माझ्या सहा कलमांतली चार खोडली. कुठली खोडायची ते बिलबुकाने सांगितलं. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचो, 'आमच्याकडे कसे आलात?' आणि उत्तर बिलाच्या कोपऱ्यात लिहायचो. निम्म्याहून जास्त लोक जुन्या गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून आलेले, त्याखालोखाल गूगल मॅपवरून. इन्स्टाग्रामवरून बोटांवर मोजण्याइतके, आणि मी तिथेच रात्री घालवत होतो. तुमचं उत्तर वेगळं निघेल, पण आधी विचारा तरी.

उरलेल्या दोन गोष्टी कामाच्या कागदालाच चिकटवल्या. जॉब कार्डवर दोन चौकोन छापून घेतले, 'आल्यावर फोटो' आणि 'जाताना फोटो'. दोन्हींवर खूण नसेल तर माल बाहेर जात नाही, बिलाशिवाय जात नाही तसाच. आणि डिलिव्हरीनंतर तिसऱ्या दिवशी त्याच माणसाला गूगल रिव्ह्यूची लिंक. गंमत अशी की आता काम वाढलं की मार्केटिंगही वाढतं. आधी उलटं होतं.

धडाधड

रिव्ह्यू पाहिजेत तर पुढच्या कामावर सूट द्या, धडाधड येतात. स्वानुभव.

वाचनमात्र

सूट नका देऊ. सूट किंवा भेटवस्तू देऊन मिळवलेले रिव्ह्यू गूगलच्या नियमांत बसत नाहीत, काढून टाकले जाऊ शकतात. नुसतं विचारायला काहीच हरकत नाही.

शुक्रवारच्या मेसेजबद्दल: व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत होतात का? तो मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. शिवाय एका लिस्टमध्ये २५६ जणच.

आणि सातत्याबद्दल एक. 'सवय २१ दिवसांत लागते' हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलंही नाही. तुम्ही तीन आठवड्यांनी स्वतःला नापास केलंत.

उसवण

अरे देवा. १८० जणांना मेसेज पाठवून मी 'लोक उत्तरसुद्धा देत नाहीत' म्हणून कुढत बसले होते. नंबर सेव्ह कोण करणार, सोफा काय दर महिन्याला फाटतो?

नापास केल्याचं अगदी बरोबर. एक आठवडा चुकल्यावर ती शीट उघडायचीच लाज वाटायला लागली.

चौकटवाले दादा, डिझायनरांचे फोनही खोडू का? त्या २२ खुर्च्या तिथूनच आल्या होत्या.

चौकटवाला

मग ते कशाला खोडता! रील खोडा. फक्त दर गुरुवारी फोन म्हणजे त्यांनाही जाच. पाच नावं ठेवा, पंधरा दिवसांतून एकाला, आणि हातात काहीतरी घेऊन: नवीन कापडाचे नमुने, नाहीतर त्यांच्याच कामाचे फोटो.

अजून एक विचारायचं राहिलं. दोन कारागीर महिन्याला किती काम उरकतात?

उसवण

मोठे सोफे आठ. त्यावर गेलं की तारखा घसरतील.

चौकटवाला

मग प्लॅनची पहिली ओळ तीच. महिन्याला आठ. तीन चौकशांतली एक पक्की होते असं धरलं तर २४ चौकशा, म्हणजे आठवड्याला सहा. तुमचं प्रमाण वेगळं असेल, महिनाभर मोजा. शनिवारचा आढावा म्हणजे एवढंच, या आठवड्यात फोन किती आले. लाइक मोजायचे नाहीत.

उसवण

अपडेट. चौकशा गेल्या आठवड्यात चार, या आठवड्यात तीन. पूर्वी विचारलं असतंत तर मी 'दहा-बारा' म्हणाले असते. जॉब कार्डं छापून आली. पहिल्याच 'आल्यावर' फोटोत कारागिराचा अंगठा अर्ध्या सोफ्यावर आलाय, पण चौकोनावर खूण आहे. ब्लॉग आणि रील गेले. एक्सेलची शीट डिलीट केली. नाही, खोटं कशाला बोलू, 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलीय.